समारंभाची चित्रफीत : थोड्या खर्चात करावी कशी आणि वाटावी कशी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने यंदा आम्हांस दोन शब्द बोलावयाची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुलांच्या अभ्यासाविषयी किंवा हस्ताक्षराविषयी काही सांगू अशी बहुतेकांची अटकळ असावी. छत्तीस वर्षे खडू हाती धरलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची! परंतु आम्ही निवडलेला विषय आहे तो समारंभाच्या चित्रफितीचा. म्हणजे आपल्या तरुण मंडळींच्या भाषेत व्हिडिओचा. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या पेन्शनर मास्तराने ह्या विषयात तोंड घालावे हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. त्यांस एवढेच सांगतो की, आम्ही ह्यातले जे काही शिकलो ते पुस्तकातून नव्हे, चुका करून शिकलो. आणि त्या चुकांपैकी दोन अशा आहेत की, त्यांची भरपाई आता आमच्याकडून होणे नाही. त्या इतरांच्या हातून होऊ नयेत एवढ्याचसाठी हा खटाटोप आहे.

प्रथम पैशाची गोष्ट काढतो, कारण ती सर्वांस चटकन समजते. गेल्या वर्षीच्या जमाखर्चात चित्रीकरणाच्या सदरी जी रक्कम पडली, ती गुणवंत विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांच्या रकमेहून मोठी होती. खजिनदारांनी ती वाचून दाखविताना चष्मा दोनदा पुसला, हे आम्ही स्वतः पाहिले. त्या रकमेच्या मोबदल्यात मंडळास काय मिळाले? अडीच तासांची एक चित्रफीत मिळाली. तीत आकाशातून दिसणारे मांडवाचे छत आहे, पाकळ्या उधळल्यासारखी अक्षरे आहेत, आरंभापासून अखेरपर्यंत चित्रपटाचे संगीत आहे, आणि त्या संगीताखाली आपल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे पार बुडून गेले आहे. ज्यांनी चित्रीकरण केले त्यांचा ह्यात दोष नाही. आपण जे मागितले ते त्यांनी दिले. आपणांस नक्की काय हवे आहे ह्याचाच विचार आपण केला नव्हता. ही चित्रफीत पूर्ण पाहिलेले किती जण ह्या सभेत आहेत, असा प्रश्न आम्ही विचारणार होतो. पण यजमानांचा संकोच नको म्हणून विचारीत नाही.

समारंभाचे चित्रण ही काही काल-परवाची टूम नव्हे. मुंबईस वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली. ती पाहून ज्यांचे मन त्या विद्येने वेधून घेतले, त्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे एक होत. त्यांनी परदेशाहून यंत्र मागविले, १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये झालेली कुस्ती टिपली, आणि डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रण केले. विचार करा : आपल्या देशातील अगदी आरंभीच्या चित्रणांपैकी एक म्हणजे एका गुणवंत विद्यार्थ्याचा सत्कारसमारंभ! गणिताच्या त्या कठीण परीक्षेत १८९९ साली प्रथम आलेल्या कोकणातील तरुणाचे स्वागत टिपावे असे एका मराठी छायाचित्रकारास वाटले. आपले मंडळ दरवर्षी जे करू पाहते ते ह्याच जातीचे काम आहे.

आणि आपल्या जिल्ह्याचे नाव तर ह्या विद्येत सर्वांच्या वर आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लोकांपुढे आणला हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु त्याच्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याचे एक रोप उगवताना थोड्या थोड्या अवकाशाने एकेक चित्र घेऊन टिपले आणि त्याची छोटीशी फीत केली, हे पुष्कळांस ठाऊक नसते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला तो उद्योग होता. एक कुंडी, एक यंत्र, आणि अपार धीर, एवढाच त्याचा खर्च. पुढे मोठा चित्रपट करावयास घेतला तेव्हा कच्च्या फितीच्या कडेला भोके पाडण्यापासून ते साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचा भार सरस्वतीबाईंनी उचलला. (आमच्या सौभाग्यवती पहिल्या रांगेत बसल्या आहेत, आमच्या चित्रणाच्या वेळी विजेरीचा प्रकाश धरून उभे राहण्याचे काम त्यांच्याकडे असते, हे ह्या ठिकाणी कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.) शेजारच्या मालेगावात नासिर शेख ह्यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. तेथील मंडळी सायकलीवर यंत्र बांधून हलते दृश्य घेत आणि उंचावरून पाहावयाचे झाल्यास बैलगाडीच्या दांड्यांचा उपयोग करीत. तेव्हा साधने नाहीत म्हणून काम अडले, असे निदान नाशिक जिल्ह्यातील माणसाने म्हणू नये.

परंतु सावेदादा आणि फाळके ह्यांच्या त्या चित्रांत एक उणीव होती, व ती त्यांच्या काळाची होती. ती मुकी होती. परांजप्यांच्या स्वागतास कोण काय बोलले, हे ती फीत सांगू शकत नव्हती. आपल्याकडे बोलपट आला तो १९३१ साली 'आलम आरा' ह्या चित्राने. म्हणजे वॉटसन हॉटेलातील खेळानंतर पस्तीस वर्षांनी. आज दहा हजार रुपयांच्या मोबाईलमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही आहेत. असे असून आपण पुन्हा मुकी चित्रे काढीत आहोत! आता आमची पहिली चूक सांगतो.

आमचे थोरले चुलते, ज्यांस सारी आळी तात्या म्हणे, ते हातोडीचे कारागीर होते. हंडा, घंगाळ, बंब, कळशी, जे म्हणाल ते. दहा-बारा वर्षांपूर्वी ह्याच स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कार झाला. सत्काराला उत्तर म्हणून ते आभाराचे चार शब्द बोलतील अशी आमची कल्पना होती. पण तात्या वीस मिनिटे बोलले, आणि जन्मभर कोणाला न सांगितलेले बोलले. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता ताठर होतो, त्यास पुन्हा लाल होईतो तापवून नरम करावे लागते. तो वेळ आला हे डोळ्यांनी नव्हे, कानांनी ओळखावयाचे. हातोडीचा आवाज कसा बदलतो, मठारताना कोणता ठोका खरा आणि कोणता पोकळ, हे त्यांनी तोंडाने आवाज काढून दाखविले. सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. आम्ही सातव्या रांगेत, नव्या मोबाईलवर ते सारे टिपीत होतो. मनात मोठी धन्यता होती.

घरी येऊन पाहिले तो काय! चित्र स्वच्छ आहे. तात्यांचे ओठ हलताना दिसतात, हात वर जातो, बोटे पत्र्यावर टिचकी मारल्यासारखी हलतात. ऐकू येते ते डोक्यावरच्या पंख्याची घरघर, मागच्या बाकावरील लहान मुलाचे रडणे, आणि आमच्याच शेजारी बसलेल्या गृहस्थांनी केलेली जेवणाची चौकशी. तात्यांच्या वीस मिनिटांतील धड दहा वाक्ये लागत नाहीत. पुढच्या वेळी घरी बसून नीट टिपू, असे आम्ही म्हणालो. आज करू, दिवाळीत करू, सुटीत करू, असे होता होता पुढच्या श्रावणात तात्या गेले. त्यांची हातोडी आमच्याकडे आहे. तिचा खरा ठोका कोणता, हे सांगणारा आमच्या घरात आता कोणी नाही.

मंडळी, ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ती चौथाई होते, हा नियम आम्ही विज्ञानाच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. सातव्या रांगेत बसताना मात्र तो आम्हांस आठवला नाही. म्हणून ह्या सगळ्या भाषणात एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ती ही : चित्र दुरून घेतले तरी चालते, आवाज जवळूनच घेतला पाहिजे. चित्र अंधूक आले तर माणूस सोसतो. बोलणे लागले नाही तर दोन मिनिटांत उठून जातो.

आवाज जवळून घ्यावयाचा म्हणजे काय करावयाचे? सदऱ्याच्या गळ्याला टाचावयाचा लहानसा माइक बाजारात मिळतो. तारेचा घेतला तर हजार रुपयांच्या आतबाहेर काम होते. आमचा साडेआठशेस मिळाला. घेण्यापूर्वी आपल्या मोबाईलला गोल भोक आहे की चपट्या तोंडाची सी-जातीची खोबण आहे हे पाहावे, नाहीतर मध्ये जोडणारा तुकडा निराळा घ्यावा लागतो. बिनतारी जोडही आता फार महाग राहिलेले नाहीत. पण तेवढेही नको असेल, तर बिनखर्चाची युक्ती सांगतो. दोन मोबाईल घ्यावेत. एक चित्र घेणाऱ्याच्या हाती द्यावा. दुसऱ्यावर नुसते ध्वनिमुद्रण सुरू करून तो वक्त्याच्या वरच्या खिशात किंवा त्याच्या समोरील मेजावर रुमालावर ठेवावा. रुमाल अशासाठी की मेजाला धक्का लागला तर धाडधाड आवाज येऊ नये. दोन्ही सुरू झाले की कोणीतरी चित्रात दिसेल अशी एक टाळी वाजवावी. मागाहून जोडताना तळवे मिळालेले चित्र आणि टाळीचा आवाज एकावर एक बसविले की पुढचे सगळे आपोआप जुळते. चित्रपटवाले काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी आपटतात ती ह्याच कारणासाठी. लाउडस्पीकरच्या कर्ण्यासमोर मात्र मोबाईल धरून बसू नये. तेथे आवाज मोठा असतो, स्वच्छ नसतो. आणि ज्याने लाउडस्पीकर बसविला आहे त्या कारागिराशी आधी चार गोड शब्द बोलून ठेवले, तर कित्येकदा त्याच्या यंत्रातूनच आपल्याला थेट तार मिळते. चहा पाजावा. ह्याहून उत्तम उपाय आम्हांस ठाऊक नाही.

चित्राविषयी फार सांगावयास नको, तरुण मंडळींस ते आमच्याहून अधिक कळते. तरी काही गोष्टी त्यांच्याही हातून राहतात. मोबाईल आडवा धरावा. भिंग धोतराच्या सोग्याने किंवा मऊ फडक्याने पुसावे. निम्मा अंधुकपणा बोटांच्या तेलाचा असतो. बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी असेल तर त्याचे तोंड काळे दिसते, म्हणून आपण खिडकीकडे पाठ करून त्यास उजेडाकडे तोंड करावयास सांगावे. बोटांनी चित्र ताणून जवळ आणण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे. एक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरावे. हल्ली बागेला पाणी घातल्याप्रमाणे मोबाईल चहूकडे फिरवितात, तसे करू नये. पाच-सहाशे रुपयांची तिपाई मिळते, ती नसेल तर कोपरे पोटाशी टेकवून धरावे. काम सुरू करण्यापूर्वी यंत्रात जागा किती आहे हे पाहावे आणि विमानाचे चिन्ह असलेले बटण दाबावे. त्यामुळे फोन येत नाहीत. सुनेच्या डोहाळेजेवणाच्या ऐन वेळी आम्हांस कर्ज देऊ करणाऱ्या बाईंचा फोन आला होता.

दर्जा किती ठेवावा, असे पुष्कळ जण विचारतात. मोबाईलमध्ये एक हजार ऐंशी ओळींची जी पायरी असते ती आपल्या कामास भरपूर आहे. तीत मिनिटाला सुमारे ६० ते १३० मेगाबाइट, म्हणजे तासाला चार ते आठ गिगाबाइट जागा लागते. तिच्या वरची चार-के नावाची पायरी घेतली तर ह्याच्या जवळजवळ तिप्पट. पाहणारा पाहणार वीतभर काचेवर. त्यासाठी तिप्पट ओझे कशाला वाहावयाचे?

आता ज्याकडे कोणाचेच लक्ष नसते ती गोष्ट सांगतो, ती नावांची. त्र्यंबकेश्वरी आपण जातो तेव्हा आपले तीर्थोपाध्याय वही काढतात आणि आपल्या खापरपणजोबांचे नाव, गाव आणि आल्याचे वर्ष वाचून दाखवितात. त्या वहीत चित्र एकही नाही. तरी तिचे मोल आहे, कारण तीत नावे आहेत. उलट आपल्या घरातील जुन्या लग्नांच्या फिती काढून पाहा. चित्रे पन्नास, नाव एक नाही. "ही कोण?" असे नात विचारते आणि आजी म्हणते, "कोणाची तरी मावशी असावी." म्हणून आम्ही असा परिपाठ ठेविला आहे की, वडील माणसाचे बोलणे टिपताना प्रथम त्यानेच आपले नाव, आईवडिलांचे नाव, मूळ गाव, माहेर आणि आजची तारीख सांगावी. ह्यास अर्धे मिनिट लागते. यंत्रातील फितीलाही आरंभी वर्ष, मग महिना, मग प्रसंग आणि माणूस, असे नाव द्यावे, म्हणजे वर्षानुक्रमे त्या आपोआप रांगेत बसतात.

संकलनाचे काम सोपे आहे, त्याची धास्ती बाळगू नये. आरंभीचा आणि शेवटचा नको तो भाग मोबाईलमधील चित्रसंग्रहातच कापता येतो. तुकडे जोडावयाचे असल्यास व्हीएन, इनशॉट, काइनमास्टर अशी ॲपे फुकट मिळतात. काही जण चित्राच्या कोपऱ्यात आपली मोहोर उमटवितात एवढेच. आम्ही प्रत्येक समारंभाच्या दोन फिती करतो. एक पाच-सहा मिनिटांची, सर्वांसाठी. तीत आगमन, दीपप्रज्वलन, बक्षीस घेणारी प्रत्येक मुले-मुली, आणि पंगत. प्रत्येक मूल दिसलेच पाहिजे. अध्यक्षांचे भाषण कापले तर अध्यक्ष रागावत नाहीत, पण कोणाचा नातू गळला तर ते घर दोन वर्षे वर्गणी देत नाही. दुसरी फीत मात्र न कापलेली, अखंड. ती कंटाळवाणी असली तरी ठेवावयाची. आज जे कंटाळवाणे वाटते त्यातूनच पुढे कोणी काही शोधील.

संगीताची हौस आवरावी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीसारख्या प्रसंगी गाणी वाजविण्यास मोकळीक दिलेली आहे; परंतु तेच गाणे फितीत घालून यूट्यूबवर चढविणे ही निराळी गोष्ट आहे. तेथील यंत्रणा गाणे ओळखते, आणि मग मालक हक्क सांगतो किंवा आपली फीत मुकी होते. त्यापेक्षा आपल्या भगिनी हळदीच्या वेळी ज्या ओव्या म्हणतात त्याच टिपून पार्श्वभागी घालाव्यात. त्यांवर कोणी दावा सांगावयास येत नाही, आणि त्या म्हणणाऱ्या बायकाही आता ह्या सभागृहात मोजक्याच उरल्या आहेत.

ह्यापुढे वाटण्याचा प्रश्न येतो, आणि आमची दुसरी चूकही येथेच झाली. ती सांगताना आम्हांस आजही लाज वाटते, पण सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीच्या वधूवर परिचय मेळाव्यात आम्ही उत्साहाने प्रत्येक उमेदवाराचा परिचय टिपला आणि त्याच रात्री सर्व तुकडे मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. पुण्याची तांबट आळी, इंदूर, बडोदे, परदेशी गेलेली मुले, सर्वांस घरबसल्या स्थळे पाहावयास मिळतील, असा आमचा शुद्ध हेतू होता. आठ दिवसांच्या आत त्यांतील एका मुलीचा तुकडा, तिचे अडखळलेले वाक्य तेवढे कापून, खाली टिंगलीचे शब्द लिहून, गावोगाव फिरला. तो आमच्या गटातून बाहेर कोणी नेला हे कधीच कळले नाही. त्या मुलीचे वडील एके संध्याकाळी आमच्या घरी आले. रागावतील असे वाटले होते. ते काही बोलले नाहीत. पाणी घेतले, थोडा वेळ बसले, आणि "मास्तर, तुम्ही एकदा विचारावयास हवे होते," एवढे म्हणून उठून गेले. मुलगी पुढे कोणत्याही मेळाव्यास आली नाही. आज ती आपल्या घरी सुखात आहे असे ऐकतो. पण त्यात आमचे पुण्य काही नाही.

तेव्हापासून आम्ही जे नियम पाळतो ते कार्यकारिणीने ठराव करून स्वीकारावेत अशी आमची सूचना आहे. परिचय मेळाव्याचे चित्रण गटावर टाकू नये, मुळीच नाही. ज्या घरास ते हवे त्या घराने दुसऱ्या घरास विचारून, त्यांच्याकडूनच घ्यावे. लहान मुलांची व स्त्रियांची चित्रे असलेली फीत बाहेर जाण्यापूर्वी संबंधितांस दाखवावी, आणि कोणी "आमचा भाग काढा" म्हणाले तर कारण न विचारता काढावा. स्नेहसंमेलनाची सर्वसाधारण फीत यूट्यूबवर ठेवावयास हरकत नाही. परंतु तेथे ठेवण्याचे तीन प्रकार आहेत हे पुष्कळांस माहीत नसते. एक सार्वजनिक, जी जगातील कोणासही शोधून सापडते. दुसरा 'अनलिस्टेड', जी शोधून सापडत नाही, ज्याच्याजवळ दुवा आहे त्यालाच दिसते. तिसरा 'प्रायव्हेट', जी आपण नाव घालून दिलेल्या माणसांनाच उघडते. आपल्या कामास बहुधा दुसरा प्रकार योग्य. मात्र दुवा एकाने दुसऱ्यास दिला की तोही पाहू शकतो, हे ध्यानात ठेवावे. पंधरा मिनिटांहून मोठी फीत चढवावयाची असल्यास आधी आपल्या फोनक्रमांकाची खातरजमा करून द्यावी लागते. ते काम दोन मिनिटांचे आहे.

व्हॉट्सॲपवरून पाठविताना फीत आपोआप आकसते आणि चित्र पुसट होते. मूळ प्रत पाठवावयाची असेल तर तीच फीत 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी, दोन गिगाबाइटपर्यंत जशीच्या तशी जाते. पण गावाकडील ज्या घरात दिवसाचा डेटा मोजून वापरतात, त्यांस ती पाठवू नये. त्यांच्यासाठी पाच मिनिटांची लहान फीतच बरी. आणि ज्या वृद्धांस मोबाईल चालवता येत नाही, त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन शेजारी बसून दाखवावी. अशा रीतीने आम्ही मागील वर्षी चार घरे केली. एका आजींनी आपल्या बहिणीस त्या फितीत आठ वर्षांनी पाहिले, आणि तोच भाग आमच्याकडून सहा वेळा लावून घेतला.

जपणुकीविषयी थोडे सांगून संपवितो. मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची व्हीएचएस कॅसेट कपाटात आहे, तिला बुरशी आलेली आहे. ती दाखविणारी यंत्रे बनविणारा शेवटचा ज्ञात कारखाना, जपानातील फुनाई, ह्याने २०१६ साली काम थांबविले. म्हणजे कॅसेट वाचली तरी ती पाहावयाची कशावर, हा प्रश्न आहे. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत त्यांनी चालू असलेले जुने यंत्र सापडेतो वाट न पाहता ह्याच वर्षी त्या संगणकात उतरवून घ्याव्यात; शहरात हे काम करून देणारी दुकाने अजून आहेत. नव्या फितींच्या तीन प्रती असाव्यात : एक मंडळाच्या संगणकात, एक निराळ्या हार्डडिस्कवर चिटणिसांच्या घरी, आणि एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवरील साठ्यात. सर्व प्रती एकाच कपाटात ठेवल्या तर त्या तीन नव्हेत, एकच आहे. गोदावरीचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांस हे अधिक समजावून सांगावयास नको.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आता कामाचे तेवढे सांगतो. आज दुपारच्या भोजनानंतर मागील खोलीत आपल्यातील दोन ज्येष्ठ कारागीर पातेल्यास कल्हई करून दाखविणार आहेत. भांडे किती तापले म्हणजे नवसागर टाकावयाचा, कथील कसे फिरवावयाचे आणि कापसाचा हात कसा मारावयाचा, हे सर्व. त्यानंतर त्यांतले एक जण कळशी मठारतील. तीन तरुणांस आम्ही मोबाईल घेऊन बोलाविले आहे. एकाने हातांजवळ बसावे, एकाने चेहऱ्यासमोर, आणि एकाने नुसता आवाज घ्यावा. पाहावयास सर्वांनी यावे. पण लहान मुलांस बाहेर खेळावयास न्यावे, जेवणाची चौकशी पंगतीतच उरकून यावी, आणि जो कोणी दाराजवळ बसेल त्याने आत येताच पंख्याचे बटण बंद करावे. उकाडा होईल, त्याबद्दल आम्ही आधीच क्षमा मागतो.